नेवेनाने धरलेला कागद

१

स्वस्त कॅमेऱ्यांची परीक्षा घ्यायची स्तामेनची पद्धत ठरलेली होती. तिला प्रयोगशाळा लागत नसे. स्वयंपाकघर, बाल्कनी आणि बायको एवढ्यावर काम भागायचं.

तो कामाला होता ती सरकारी फोटो-लॅब बंद पडल्यापासून तो बल्गेरियाच्या राजधानीतल्या, सोफियातल्या एका मासिकात सदर लिहायचा. ज्यांना समुद्रावर पोरांचे आणि लग्नात मामाचे फोटो काढायचे असतात, पण माहितीपुस्तिका उघडायचा कंटाळा असतो, अशा हौशी माणसांसाठी ते सदर होतं. पहिला फोटो टेबलावरच्या बरणीचा. बरणीत भाजलेल्या मिरच्यांची चटणी असायची. तिचा लाल रंग लालच उमटला तर कॅमेरा पास. दुसरा खिडकीपाशी बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याचा. आणि तिसरा समोरच्या काठाचा.

त्याच्या तार्नोवो गावात घरं उतारावर एकमेकांच्या डोक्यावर बसलेली आहेत. स्तामेनच्या बाल्कनीखालचा कडा थेट यांत्रा नदीत उतरतो, आणि पलीकडे झाडीतून दगडी पायऱ्या वर जातात. त्या संपतात तिथे एक ओटा आणि ओट्यावर अक्रोडाचं झाड. नवा कॅमेरा आला की नेवेना त्या दिवशीचं वर्तमानपत्र काखेत मारायची, पूल ओलांडायची, कुरकुरत पायऱ्या चढायची आणि अक्रोडाखाली उभी राहून वर्तमानपत्र दोन्ही हातांत पसरून धरायची, थेट डोळ्यांच्या खालपर्यंत. मथळा वाचता आला आणि वरचे डोळे नेवेनाचेच आहेत हे कळलं, तर कॅमेऱ्याचा झूम खरा.

फोटो मनासारखा आला की स्तामेन बाल्कनीतून लाल चौकड्यांचं स्वयंपाकाचं फडकं हलवायचा. फडकं म्हणजे, झालं, ये. मग ती कागद खाली करायची, हा कॉफी चुलीवर ठेवायचा, आणि कॉफी वर यायला आणि नेवेनाने दारात यायला एकच गाठ पडायची. दुसऱ्या मजल्यावर ती दम खायला थांबायची. तिचा श्वास वरपर्यंत ऐकू यायचा. आत येता येता तिचा एकच प्रश्न असायचा, "नीट आला का?"

एका हिवाळ्यात बॅटरी संपली. हा चार्जर शोधायला आत गेला, तेवढ्यात तळमजल्यावरची त्सोन्का गप्पा मारायला आली, आणि बायको समोर बर्फात उभी आहे हे तो साफ विसरला. घरी आली तेव्हा नेवेनाचे ओठ निळे पडले होते.

"अजून थोडा वेळ गेला असता तर मी तिथे पुतळा होऊन बसले असते," ती म्हणाली. "नगरपालिकेने खाली पाटी लावली असती, स्तामेनची बायको म्हणून."

"अगं, मग हात खाली करायचे ना!"

"तू फडकं कुठे हलवलंस?"

फडकं हलेपर्यंत नेवेना हात खाली करत नसे. तिचा स्वभावच तसा होता, एकदा धरलं की धरलं.

वर्षं गेली आणि कॅमेऱ्यांचे झूम वाढत गेले. सुरुवातीच्या फोटोंत अक्रोडाखाली नुसता एक ठिपका दिसे. मग ठिपक्याला हात फुटले, मग चेहरा आला, आणि शेवटच्या वसंतात तर डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्याही दिसल्या. म्हातारपणी माणसं एकमेकांपासून लांब जातात म्हणतात. नेवेना मात्र दरवर्षी थोडी जवळ आली.

२

नेवेना गेली त्याला त्या नोव्हेंबरात वर्ष होत होतं.

त्यांच्याकडे माणूस गेलं की काळ्या चौकटीतलं शोकपत्रक छापतात आणि इमारतीच्या दारावर चिकटवतात. वर फोटो, खाली नाव आणि 'शोकाकुल कुटुंबीय'. चाळिसाव्या दिवशी नवं, सहा महिन्यांनी नवं, वर्षाला पुन्हा नवं. आख्ख्या गावाची गेलेली माणसं दारांवरून येणाऱ्याजाणाऱ्याकडे टक लावून बघत असतात. म्हणूनच पासपोर्टचा फोटो वेडावाकडा आला की माणसं हमखास म्हणतात, "चला, शोकपत्रकाची सोय झाली!" ह्या चेष्टेचं कोणाला काही वाटत नाही.

नेवेनाच्या पत्रकावर स्तामेनने कॅमेऱ्याच्या परीक्षेतलाच फोटो दिला होता. कागद नुकताच खाली केलेला, केस उडालेले आणि तोंडभर हसू.

"पत्रकावर कोणी दात दाखवतं का?" त्सोन्का म्हणाली होती.

"तिला फडकं दिसलं होतं," स्तामेन म्हणाला. त्सोन्काला काही कळलं नाही. तिला सांगायच्या भानगडीत तो पडला नाही.

त्यानंतर वर्षभर त्याने तिसरा फोटो काढला नाही. आलेले कॅमेरे बरणीवर आणि त्सोन्काच्या चेहऱ्यावर निभावले. मग वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मासिकाकडून एक खोकं आलं, आणि पाठोपाठ संपादक बोयानचा फोन.

"स्तामेनकाका, ह्या वेळी तरी समोरचा काठ हवा बरं का. वीसपट झूम, खिशात मावतो, आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यातली. लोक हा घेणार तो झूमसाठीच. आणि तुम्ही झूमच नाही तपासला, तर मी छापू काय, चटणी?"

"बघतो."

"बघतो म्हणजे नाही, हे मला आता कळायला लागलंय."

"रिकाम्या पायऱ्यांचा काढतो. चालेल?"

"चालेल की. पायऱ्या तर पायऱ्या."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी रादिना, त्यांची एकुलती एक लेक, डोंगरापलीकडच्या प्लोव्हदिव शहरातून गाडी घेऊन आली. येताना वर्षाची नवी पत्रकं छापून आणली होती. आल्या आल्या तिने बाह्या सरसावल्या आणि प्रसादाचा गहू करायला घेतला. उकडलेल्या गव्हावर अक्रोड आणि पिठीसाखर. तो दुपारी थडग्यापाशी वाटायचा होता.

स्तामेनने कॅमेरा हातात घेऊन बघितला. प्लास्टिकचा, पण पकड बरी होती. फ्लॅश नेमका डाव्या बोटाखालून वर उसळत होता, म्हणजे दर वेळी बोट चेपायचं. उन्हात स्क्रीन फिकट पडत होता. झूमचा दांडा ढकलला की लेन्स किरकिरत बाहेर यायची. बरणीचा लाल रंग जरा भडक आला, पण हौशी माणसाला भडकच आवडतं.

"चेहरा कोणाचा काढणार?" रादिनाने विचारलं. "त्सोन्काचा पुरे झाला. मासिकवाल्यांना वाटत असेल तू तिच्याशी लग्न केलंयस."

"बस मग तू."

ती खिडकीपाशी बसली. पिठीसाखर चाळता चाळता नाक खाजवलं होतं, त्याचा पांढरा ठिपका तसाच होता. तो सांगणार तेवढ्यात ती कशालातरी हसली आणि त्याने बटण दाबलं.

फोटो अप्रतिम आला. स्तामेन तो बघतच राहिला. तेच तोंडभर हसू, तीच मान किंचित डावीकडे. लेक कुठे संपते आणि आई कुठे सुरू होते हे कळत नव्हतं.

रादिना खांद्यावरून डोकावली. "अय्या! इतकी बरी मी कधीच आले नाही. बाबा, हा जपून ठेव. शोकपत्रकाला हाच लाव माझ्या."

दोघंही हसले. मग तिने कोट चढवला आणि मेणबत्त्या आणि वाइन आणायला बाजारात गेली.

४

धुकं विरळ झालं होतं. स्तामेन बाल्कनीत आला. पायऱ्यांचा एक फोटो, बोयानला पाठवला की सुटलो, असा त्याचा हिशेब. खिळ्यावरचं चौकड्यांचं फडकं त्याने सवयीने हाताशी घेतलं, आणि स्वतःवरच चिडून परत अडकवलं.

झूम न करता पहिला फोटो. काठ, झाडी, ओटा. अक्रोडाखाली एक पांढरा ठिपका.

कोणाचं तरी धुणं असेल, असं त्याला वाटलं. पण तिथे घर नव्हतं. मग प्लास्टिकची पिशवी. त्याने नुसत्या डोळ्यांनी बघितलं. ओटा रिकामा होता.

त्याने दांडा ढकलला. लेन्स किरकिरली. अर्ध्या झूमवर ठिपक्याला कडा आल्या. चौकोनी होता तो. दोन्ही बाजूंना काहीतरी काळं, कोपरांसारखं.

इतकी वर्षं ह्या धंद्यात काढलेला माणूस होता तो. स्वस्त कॅमेऱ्याला जे नीट दिसत नाही ते तो अंदाजाने भरून काढतो, हे त्याला पाठ होतं. पानांत डोळे दिसतात, भिंतीच्या पोपड्यांत चेहरे. वाचकांना त्यानेच किती वेळा बजावलं होतं, की एका फोटोवर विश्वास ठेवू नका, हात टेकवा, पुन्हा काढा. त्याने कठड्यावर हात टेकवले. श्वास धरला. झूम पूर्ण ताणला.

स्क्रीनवर एक बाई कागद पसरून उभी होती. डावा खांदा उजव्यापेक्षा जरा खाली. कागद डोळ्यांच्या खालपर्यंत.

त्याने कॅमेरा बाजूला करून बघितलं. अक्रोड, ओटा, ओली पानं. पुन्हा स्क्रीन. बाई.

"लेन्स सदोष आहे," स्तामेन मोठ्याने म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. नदीच्या बांधावरून पडणाऱ्या पाण्याचा नेहमीचा आवाज थांबला होता की त्याचेच कान बंद झाले होते, हेही त्याला सांगता आलं नसतं. त्याने बटण दाबलं.

त्याच्या मनात भीतीच्या आधी आनंद आला. अगदी लाजिरवाणा, पोरकट आनंद. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या जागच्या जागी होत्या.

५

तो आत आला, खुर्चीवर बसला आणि काढलेला फोटो स्क्रीनवर मोठा केला. आता मथळा वाचायचा, सवयच ती.

कागदावर मथळा नव्हता. कडेने जाड काळी चौकट होती, वर एक क्रूस. मध्ये फोटो. चेहरा अस्पष्ट होता, पण मान किंचित डावीकडे कललेली होती आणि नाकावर एक पांढरा ठिपका होता.

स्तामेनने रादिनाला फोन लावला. बराच वेळ वाजला.

"काय रे बाबा? रांगेत उभी आहे."

"बरी आहेस ना?"

"रांगेत माणूस जेवढं बरं असतं तेवढी. ऐक, मी आज उजेडातच परत निघते. उद्या खिंडीत बर्फ सांगितलाय."

"आज नको जाऊस."

"उद्या बर्फ आहे म्हणतेय ना मी! डोंगर आजच ओलांडलेला बरा. आले, आले, माझा नंबर आला." फोन बंद.

त्याने तिचा खिडकीतला फोटो स्क्रीनवर आणला. क्षणभर जिवावर आलं. मग पुसून टाकला. बाल्कनीत जाऊन पुन्हा पूर्ण झूम, पुन्हा फोटो. आत येऊन मोठा केला. काळी चौकट तशीच होती, आत कागद कोरा.

त्याने सुटकेचा श्वास टाकला. पण बाईचे हात वरच होते.

फडकं हलवून हे संपवावं, असं त्याच्या मनात आलं. हात खिळ्यापर्यंत गेलाही. पण फडकं म्हणजे, झालं, ये. ती हातातला कागद घेऊनच येणार. त्यावर काय असेल, हे आधी बघायला हवं होतं.

त्याने आणखी एक फोटो काढला. मोठा केला. कोऱ्या कागदावर करडी छाया धरली होती. लॅबमधल्या रसायनाच्या तबकात पांढऱ्या कागदावर चित्र उमटताना त्याने हजारदा बघितलं होतं. आधी काहीच नसतं, मग गडद भाग येतात, मग एकदम माणूस. केस आले होते. मानेचा कल आला होता. नाकाच्या जागी तेवढा पांढरा ठिपका राहत होता.

"नेवेना," तो म्हणाला, "अगं, तिला नको."

समोर काहीच हललं नाही. नेवेना एकदा धरलं की धरायची. तिला फोटो हवा होता, आणि चांगला हवा होता.

६

त्याने चटणीच्या बरणीवर कॅमेरा ठेवला. आपोआप फोटो काढायची सोय मेनूत पटकन सापडली. ही गोष्ट ह्या कॅमेऱ्यात खरंच चांगली होती. लाल दिवा लुकलुकायला लागला. तो खिडकीपाशी जाऊन बसला, केसांवरून हात फिरवला आणि शर्टाची कॉलर सरळ केली.

हसायचं कसं, हे काही केल्या आठवेना. मग पुतळा आठवला, आणि पुतळ्याखालची पाटी आठवली.

बाल्कनीत जाऊन त्याने पुन्हा समोरचा फोटो घेतला. ह्या वेळी मोठा करायला फार धीर लागला.

कागदावर एक म्हातारा होता. कॉलर सरळ, तोंडभर हसू. करडेपणा कुठे उरला नव्हता. कागदाच्या वर नेवेनाचे डोळे बारीक झाले होते. काही मनासारखं झालं की तिचे डोळे असेच व्हायचे.

खाली दार वाजलं. जिन्यात रादिनाची भरभर पावलं.

"थांब जरा," स्तामेन समोरच्या काठाला म्हणाला. "तुला सवय आहे."

७

रादिनाने पिशव्या टेबलावर टाकल्या आणि आधी कॅमेरा उचलला. स्क्रीनवर स्तामेनने स्वतःचा फोटो आणून ठेवला होता. "माझा फोटो कुठे गेला?"

"पुसला. नाकावर साखर होती."

"अरे, म्हणून तर छान होता! आणि हा कोण? बाबा, काय सुंदर आलायस! कोणाकडे बघून हसतोयस एवढा?"

"शोकपत्रकाला हाच लावायचा. लक्षात ठेव."

"थू, थू, थू!" तिने तीनदा थुंकल्यासारखं केलं आणि टेबलाचं लाकूड ठोठावलं. "आईच्या दिवशी असलं बोलतात?"

"सकाळी तूच बोललीस."

"मी चेष्टा केली."

"मग मी काय केलं?"

बाकीचे फोटो तिने बघितले नाहीत. तिला घाई होती. खाली जाताना तिने दारावर आईचं नवं पत्रक चिकटवलं. दफनभूमीत त्यांनी मेणबत्त्या लावल्या, मातीवर वाइन ओतली आणि ओळखीच्यांना गहू वाटला. परतल्यावर स्तामेनने लेकीला उरलेला गहू बांधून दिला, चटणीच्या दोन बरण्या दिल्या आणि गाडीच्या खिडकीतून तिचा गाल इतका वेळ धरला, की ती म्हणाली, "बाबा, सोड आता, अंधार पडेल." पुलाच्या वळणावर गाडीचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत तो रस्त्यात उभा होता.

मग वर येऊन त्याने लेख लिहायला घेतला. फ्लॅशची जागा चुकीची. स्क्रीन उन्हात दिसत नाही. घरातले आणि खिडकीतले चेहरे उत्तम. झूम दमदार आहे, समोरच्या काठावरचं माणूस ओळखू येतं. घ्यायला हरकत नाही. शेवटच्या वाक्याशी तो थोडा थांबला, पण बदललं नाही.

उजेड ओसरत असताना फोन वाजला.

"खिंड उतरले रे बाबा. धुकं होतं, एक ट्रक अगदी अंगावर आला होता. पण ऐन वेळी त्याने वळवला. काही झालं नाही, घाबरू नकोस. आता सरळ रस्ता आहे."

"बरं," स्तामेन म्हणाला. "साखर जास्त झाली होती गव्हात. पण छान झाला होता."

"आई जास्तच घालायची."

"हो. ती जास्तच घालायची."

फोन ठेवून तो बाल्कनीत गेला. थंडी वाढली होती. नुसत्या डोळ्यांना समोर ओटासुद्धा दिसत नव्हता. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मात्र दाणेदार अंधारात तो पांढरा चौकोन होता, दोन्ही हातांत ताणून धरलेला. फडकं हलवलंच नाही तर? ती उभी राहील. बर्फ पडेल, वसंत येईल, अक्रोडाला पानं फुटतील, आणि ती उभी राहील. हा विचार त्याने केला, नाही असं नाही. त्याला जगायला आवडत होतं. सकाळची कॉफी आवडत होती, रादिनाची बडबड आवडत होती. पण एक ट्रक वळला होता, आणि दुसरा वळेलच असं नव्हतं. आणि सकाळपासून तिचे हात दुखत असतील.

त्याने खिळ्यावरचं फडकं काढलं आणि हलवलं. नेहमीसारखं, तीनदा, मोठ्ठं.

स्क्रीनवर कागद खाली येऊ लागला. त्याने लगेच कॅमेरा बंद केला. वर्षभराने ती दिसणार होती, ती प्लास्टिकच्या डब्यातून बघायची त्याची इच्छा नव्हती. आत जाऊन त्याने चुलीवर कॉफी ठेवली.

कॉफी वर यायला लागली तेव्हा खालचं दार उघडलं. मग बराच वेळ काही नाही. मग इमारतीच्या दारावर कोणीतरी तळहाताने कागद चापून चापून सपाट करत असल्याचा आवाज. कोपरे नीट बसलेत ना ते बघून पुन्हा एकदा. मग पावलं. पहिला मजला. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली, आणि दम खातानाचा तो श्वास वरपर्यंत ऐकू आला.

स्तामेनने कपाटातून दुसरा कप काढला, फडक्याने पुसला आणि दाराची कडी काढून ठेवली.